हातोडा फेकत जग पालथं घालणारा स्कॉटलंडचा गवंडी : डोनाल्ड डिनी

स्कॉटलंडच्या हायलँड गेम्सचा एखादा व्हिडिओ तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी आला असेलच. चौकड्यांचा किल्ट घातलेला दांडगा गडी, हातात लांब दांड्याचा हातोडा. तो मैदानाकडे चक्क पाठ करून उभा राहतो, हातोडा डोक्याभोवती गरागरा फिरवतो आणि खांद्यावरून मागे सोडून देतो. आपण तोंड उघडं ठेवून हातोडा कुठे पडला ते बघतो आणि पुढच्या रीलवर जातो.

पुढच्या वेळी हातोड्याकडे बघू नका, त्याच्या पायांकडे बघा.

बऱ्याच खेळाडूंच्या बुटांच्या पुढच्या टोकातून लोखंडी पाती बाहेर आलेली दिसतील. फेकीच्या आधी गडी ही पाती गवतात रोवतो, पाय दाबून दाबून घट्ट बसवतो आणि मगच हातोड्याला हात घालतो. हे बूट फक्त या एका खेळापुरते घालायचे. कारण ते घालून धड चालताही येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हातोडा हातांनी फेकायचा, मग पायात पाती कशाला?

तर विषय असा आहे. ऑलिम्पिकमध्ये जो हातोडा फेकतात तो म्हणजे तारेला बांधलेला लोखंडी गोळा. खेळाडू सिमेंटच्या वर्तुळात स्वतःभोवती गिरक्या घेतो आणि तो सोडतो. स्कॉटिश हातोड्याला तार नसते, सरळ दांडा असतो. गोळा आणि दांडा मिळून लांबी सव्वाचार फुटांच्या आत. वजनाचे दोन प्रकार, १६ पौंड म्हणजे ७.२६ किलो आणि २२ पौंड म्हणजे जवळपास १० किलो. आणि मुख्य नियम असा की पाय हलवायचे नाहीत. गिरकी नाही, धावणं नाही. एका जागी उभं राहून काय ते करायचं.

१६ पौंडांचा हातोडा ४५ मीटर लांब जायचा तर हातातून सुटताना त्याचा वेग ताशी ७० ते ७५ किलोमीटरच्या घरात लागतो. एवढ्या वेगाने डोक्याभोवती फिरणारा गोळा माणसाला बाहेर ओढत असतो आणि हिशेब केला तर ही ओढ दीडशे किलोच्या पुढे जाते. म्हणजे दोन माणसं तुमचे हात धरून तुम्हाला खेचताहेत, आणि तीही क्षणाक्षणाला दिशा बदलून. हातोडा डावीकडे गेला की अंग उजवीकडे झोकायचं, हातोडा पुढे आला की मागे रेलायचं. रेलायला मिळालं तरच वेग वाढतो. आणि पाय घसरले तर कितीही ताकद असली तरी काही उपयोग नाही, गडी आडवा.

नुसत्या बुटाने ओल्या गवतावर हे जमत नाही. पाती जमिनीत रुतलेली असली की पायांना खुंटा मिळतो. मग अंग बिनधास्त झोकून देता येतं. म्हणून स्कॉटिश हातोड्यात दंडाइतकीच पायाखालच्या चार इंच मातीचीही ताकद लागते. ऊन पडून जमीन कडक झाली असेल तर पाती आत जात नाहीत, पाऊस होऊन चिखल झाला असेल तर गवताचं ढेकूळच उपटून हातात, सॉरी, पायात येतं.

या पद्धतीतला विसाव्या शतकातला मोठा माणूस म्हणजे बिल अँडरसन. १९६९ मध्ये लोखर्नहेडच्या मैदानावर त्याने १६ पौंडांचा हातोडा १५१ फूट २ इंच फेकला होता. पण आपली गोष्ट त्याच्याही शंभर वर्षं आधीची आहे. जमिनीत घट्ट उभं राहून जड वस्तू लांब फेकणं हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, हे ज्या माणसाने जगाला दाखवलं त्याची.

त्याचं नाव डोनाल्ड डिनी.

जन्म १८३७ चा, जुलै महिन्यातला. गाव स्कॉटलंडच्या ईशान्येला अॅबर्डीनशायरमध्ये, अबॉईनजवळ. डी नदीच्या काठचा हा डोंगराळ भाग. दगडाला तोटा नाही, ग्रॅनाइट हवा तेवढा. डोनाल्डचे वडील रॉबर्ट डिनी हे गवंडी. नुसते गवंडी नाही, ठेकेदारीही करायचे. आणि लिहायचेही. बर्स या आपल्या परगण्याचा इतिहास त्यांनी पुस्तकरूपाने लिहिलाय. अंगाने ते पंचक्रोशीत नावाजलेले ताकदवान होते. मुलाने शाळा सोडली ती वडिलांच्या हाताखाली दगडकाम शिकायला. टाकी, घण, पहार आणि ग्रॅनाइट. आज ज्याला आपण स्ट्रेंथ ट्रेनिंग म्हणतो ते या पोराने मजुरी म्हणून केलं.

हातोडा फेकायचा खेळही याच कामातून आलाय. दुपारच्या सुट्टीत लोहाराचा किंवा गवंड्याचा घण उचलायचा आणि कोण लांब टाकतो बघायचं, ही त्याची सुरुवात. म्हणजे डोनाल्डला हातोडा वेगळा शिकायची गरजच नव्हती.

सोळाव्या वर्षी त्याने शेजारच्या किंकार्डिन ओ'नील या गावात कुस्ती मारली. इनाम होतं एक पौंड. ऐकायला एक पौंड काहीच वाटत नाही, पण त्या काळी गवंड्याला आठवडाभर दगड फोडून साधारण तेवढेच मिळायचे. आठवड्याची मजुरी एका दुपारी खिशात आली म्हटल्यावर पोराच्या डोक्यात काय चक्रं फिरली असतील ते वेगळं सांगायला नको.

त्यात वेळही अगदी बरोबर साधली गेली. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया पहिल्यांदा ब्रेमारच्या खेळांना आली. पुढे राजघराण्याने जवळच बाल्मोरलची इस्टेटच घेतली. राणीला आवडतं म्हटल्यावर लंडनच्या बड्या लोकांनाही ते आवडायला लागलं. शिकारीला आलेले सरदार, उन्हाळ्यात हवा खायला आलेले पैसेवाले, सगळे गावोगावच्या खेळांना हजेरी लावू लागले. इनामाच्या रकमा वाढल्या. आणि याच काळात डी नदीच्या खोऱ्यात रेल्वे आली. १८५३ ला बँकरीपर्यंत, १८५९ ला अबॉईनपर्यंत. आज एका गावात, परवा दुसऱ्या, शनिवारी तिसऱ्या, असं फिरणं शक्य झालं. डोनाल्ड डिनी हा जितका ग्रॅनाइटने घडवलेला माणूस आहे तितकाच रेल्वेनेही घडवलेला आहे.

सहा फूट एक इंच उंची, वजन ९५ किलोच्या आसपास. आजच्या स्ट्राँगमॅनच्या शेजारी उभा केला तर तो बारीकच दिसेल. पण त्याचं वेगळेपण इथेच होतं. तो फक्त जड वस्तू उचलणारा नव्हता. हातोडा, दगडफेक, अख्ख्या झाडाचा सोट उभा उचलून उलटा टाकायचा तो केबर, कुस्ती, हे तर होतंच. पण तो अडथळ्यांच्या शर्यतीतही पळायचा, उंच उडीही मारायचा आणि एवढं करून हायलँडच्या नाचाचं बक्षीसही सोडायचा नाही. १८५६ ते १८७६ अशी तब्बल वीस वर्षं तो स्कॉटलंडचा सर्वोत्तम खेळाडू मानला गेला. उन्हाळ्यात खेळ आणि थंडीत पुन्हा दगडकाम, असा सुरुवातीच्या वर्षांतला त्याचा क्रम होता.

या वीस वर्षांतली सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्र कुठल्याच स्पर्धेतली नाही.

अबॉईनपासून थोड्या अंतरावर पोटार्च नावाची जागा आहे. तिथे डी नदीवर थॉमस टेलफर्ड या मोठ्या इंजिनिअरने बांधलेला दगडी पूल आहे. पुलाच्या दुरुस्तीत परांचीला तोलून धरण्यासाठी दोन मोठे ग्रॅनाइटचे धोंडे वापरले जात. त्यांना वरून लोखंडी कड्या ठोकलेल्या. एक धोंडा १८८ किलोचा, दुसरा साधारण १४४ किलोचा. दोन्ही मिळून ३३२ किलो.

सांगितलं जातं ते असं की १८६० मध्ये डोनाल्डने दोन हातांनी दोन्ही कड्या धरल्या, धोंडे उचलले आणि पूल ओलांडला. वडिलांनी म्हणे एक धोंडा नेला होता, पोराने दोन्ही नेले.

इथे एक गंमत आहे, जी सोशल मीडियावरच्या पोस्टमध्ये कायम गाळली जाते. पूल ओलांडला म्हणजे या काठावरून त्या काठावर नेले असं नाही. पुलाची रुंदी ओलांडली. एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत, साधारण १७ फूट. लांबीचा दावा केला की गोष्ट भारी वाटते, पण खरं सांगायचं तर १७ फूटसुद्धा काही कमी नाही. कड्या अरुंद, दोन्ही दगडांचं वजन वेगळं, त्यामुळे अंग एका बाजूला झुकतं आणि धोंडे नडग्यांवर घासतात. आजचे जिममध्ये तयार झालेले गडीसुद्धा ते जमिनीवरून सुटले की देवाचे आभार मानतात.

बरं, मैदानावरच्या त्याच्या आकड्यांचं काय? इथे जरा सांभाळून बोलावं लागतं. तेव्हा हातोड्यांची वजनं गावागणिक थोडी इकडेतिकडे असायची. दांड्यांची लांबी वेगळी. कुठे उभ्यानेच फेकायचं, कुठे गिरकी घेऊन फेकायला मुभा. कुठलं मैदान सपाट, तर कुठल्या मैदानाला चांगला उतार. उतारावर फेकलेला हातोडा जास्त लांब जाणारच. पायाखालची जमीनही कुठे घट्ट हिरवळ, तर कुठे गुरांनी तुडवलेलं कुरण. त्यामुळे विक्रमांवरून भांडणं ठरलेली. कुणाचा हातोडा हलका होता, कुणी रेषेच्या पुढे पाय टाकला, मोजपट्टी कुणी धरली होती. आज दांड्याची लांबी, गोळ्याचं वजन, पुढचा लाकडी ओंडका आणि बुटांची पाती हे सगळं नियमांत बसवलंय ते या भांडणांचा अनुभव गाठीशी असल्यामुळेच.

डिनी या भांडणांत मागे राहणारा नव्हता. आपली किंमत त्याला पक्की माहीत होती आणि ती तो मागून घ्यायचा. त्याच्या नावावर गर्दी जमते, तिकिटं खपतात, मग आपल्याला पैसे का नकोत, असा सरळ हिशेब. त्यामुळे संयोजकांशी आणि प्रतिस्पर्ध्यांशी त्याचे खटके उडायचे. तो गर्विष्ठ आहे, पैशासाठी खेळतो, असं त्याच्याबद्दल बोललं जायचं.

पैशासाठी खेळतो हा आरोप आज विचित्र वाटतो. पण तेव्हा त्यामागे मोठं राजकारण होतं.

१८६६ मध्ये लंडनमध्ये अॅमॅच्युअर अॅथलेटिक क्लब निघाला. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकलेल्या सभ्य लोकांचा. त्यांनी हौशी खेळाडू कोण याची व्याख्या केली. पैशासाठी खेळलेला माणूस त्यात बसत नव्हता, इथपर्यंत ठीक. पण हाताने काम करणारा कारागीर, मिस्त्री, मजूर हाही बसत नव्हता. कारण काय, तर रोज अंगमेहनत करणाऱ्याला म्हणे अन्यायकारक फायदा मिळतो. म्हणजे गवंडीकाम करणारा डोनाल्ड डिनी एकदा नाही, दोनदा बाद. इनाम घेतो म्हणून बाद आणि गवंडी आहे म्हणूनही बाद. ज्या माणसाला स्कॉटलंडमध्ये हातोड्यात जोड नव्हती, त्याला या क्लबच्या मैदानावर पाय ठेवायची सोय नव्हती.

१८८० मध्ये नवीन राष्ट्रीय संघटना आली तेव्हा मजुरांवरची बंदी गेली, पैशाची मात्र राहिली. पुढे ऑलिम्पिक सुरू झालं तेही याच नियमावर. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हातोडाफेक पहिल्यांदा आली. पण इनामासाठी खेळणाऱ्या हायलँडच्या गड्यांसाठी ते दार बंदच होतं. खेळ त्यांचा आणि खेळाडू भलतेच. या नियमाने किती लोकांचं नुकसान केलं याची यादी मोठी आहे, १९१२ ची पदकं काढून घेतलेला अमेरिकेचा जिम थॉर्प त्यातलाच.

डिनीने मात्र त्यांच्या दारात ताटकळत बसण्यापेक्षा सरळ जहाज पकडलं.

त्या काळी स्कॉटलंडमधून लाखो लोक पोट भरायला अमेरिका आणि कॅनडात गेले होते. तिथे त्यांनी गावोगावी कॅलेडोनियन क्लब काढले होते. गावची आठवण म्हणून हे क्लब वर्षातून एकदा हायलँड गेम्स भरवायचे आणि बघायला फक्त स्कॉटिशच नाही, सगळं शहर यायचं. १८७० मध्ये डिनी पहिल्यांदा तिकडे गेला आणि एकेका शहरातली इनामं गोळा करत सुटला. १८७२ मध्ये तो पुन्हा गेला, यावेळी सोबत जेम्स फ्लेमिंग हा दुसरा तगडा स्कॉटिश खेळाडू होता. दोघं मिळून गावोगाव फिरले. बक्षिसं जवळपास घरच्या घरातच राहायची. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये अॅथलेटिक्स रुजायच्या आधी लोकांनी हातोडा, गोळा आणि उड्या बघितल्या त्या याच क्लबांच्या मैदानांवर.

आज आपण स्पोर्ट्स स्टार म्हणतो तसा तो होता. फरक एवढाच की त्याचा मॅनेजर बहुतेक वेळा तो स्वतःच होता.

चाळिशी उलटल्यावर साधारणपणे माणूस थांबतो. हा नाही थांबला. १८८० च्या दशकात तो पुन्हा अमेरिकेत गेला आणि तिथून पुढे न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया. तिथेही स्कॉटिश वस्ती, तिथेही गेम्स. पन्नाशीच्या घरात पोचलेला माणूस त्याच्या निम्म्या वयाच्या पोरांबरोबर कुस्त्या खेळत होता आणि हातोडा फेकत होता. ऑस्ट्रेलियात तो बरीच वर्षं राहिला, हॉटेलचा धंदाही करून पाहिला. पण तो काही मैदानासारखा जमला नाही. शतक संपता संपता दक्षिण आफ्रिकेमार्गे तो ब्रिटनला परतला. तेव्हा साठी ओलांडलेली होती.

त्याच्या नावावर सगळे मिळून ११ हजारांहून जास्त विजय सांगितले जातात. एवढे कसे असतील, असं कुणालाही वाटेल. पण एका दिवशी एकाच मैदानावर तो सात-आठ खेळांत उतरायचा आणि बऱ्याच खेळांत पहिला यायचा. असं पन्नास वर्षं. हिशेब लावला तर वर्षाला सव्वादोनशेच्या आसपास. आकडा थोडा फुगवलेला असेलही, पण अगदीच अशक्य कोटीतला नाही.

परत आल्यावरचे दिवस फार सुखाचे नव्हते. आयुष्यभर कमावलेला पैसा हातात राहिला नव्हता आणि आपल्या नावावरच पोट भरायचं होतं. इथे एक शीतपेय त्याच्या कामी आलं. १९०१ मध्ये स्कॉटलंडच्या बार कंपनीने आयर्न ब्रू नावाचं पेय बाजारात आणलं, ज्याला आज आपण इर्न-ब्रू म्हणून ओळखतो. त्याच्या सुरुवातीच्या जाहिरातीत डोनाल्ड डिनी झळकला. साठी पार केलेला पैलवान कोल्ड्रिंक विकतोय. खेळाडूने शीतपेयाची जाहिरात करायची ही पद्धत किती जुनी आहे बघा.

पुढे तो लंडनला गेला, चहाचं दुकान चालवलं, रंगमंचावर ताकदीचे प्रयोग केले. सत्तरीत असताना तो एक जड टेबल अंगावर तोलून धरायचा आणि त्यावर दोन जण हायलँडचा नाच करायचे, असं त्याच्याबद्दल सांगतात. हौस म्हणून नाही, गरज म्हणून. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्याने मासिकांमधून आपल्या आठवणीही लिहिल्या. त्यात जुने हिशेब चुकते करायची संधी त्याने सोडली नाही. कुणी कुठे लबाडी केली, कुठे मोजमाप चुकलं, सगळं त्याच्या लक्षात होतं.

एप्रिल १९१६ मध्ये लंडनमध्ये त्याचं निधन झालं. वय ७८. बाहेर पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. त्या युद्धात खंदकातल्या ब्रिटिश सैनिकांनी जड तोफगोळ्यांच्या एका प्रकाराला टोपणनाव दिलं होतं, डोनाल्ड डिनी. लांबून येणारी, प्रचंड वजनाची वस्तू म्हटल्यावर त्या पोरांना हेच नाव सुचलं.

हौशी-व्यावसायिक हा वाद थंडावल्यावर स्कॉटलंडने त्याला अधिकृत मान दिला. २००२ मध्ये स्कॉटिश स्पोर्ट्स हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं.

पोटार्चचे ते दोन धोंडे अजूनही तिथेच आहेत. डिनी स्टोन्स म्हणून जगभरातले ताकदवान लोक ते उचलायला येतात. १९७९ मध्ये अमेरिकेच्या जॅन टॉडने पट्ट्यांच्या मदतीने ते उचलले, असं करणारी ती पहिली बाई. पट्ट्यांशिवाय, नुसत्या हाताच्या पकडीवर उचलणारी पहिली बाई मिळायला २०१८ उजाडलं. ती लेह हॉलंड-कीन, स्कॉटलंडचीच.